पेत्का, चापायेव आणि चोरीला गेलेलं निशाण

माउसचं बटण दाबलं की पडद्यावर लाल तारा उमटतो. पाच टोकांचा, क्रेमलिनच्या बुरुजांवर आहे तसला. टोकाटोकाला एकेक काम वाटून दिलेलं: बघ, उचल, बोल, वापर. आणि एका टोकाला चापायेव. म्हणजे लाल सैन्याच्या अख्ख्या डिव्हिजनचा कमांडर या गेममध्ये एक क्रियापद आहे. दाराला हात लावून काही होत नाही? मग दाराला चापायेव लावून बघा.

गेमचा सगळा विनोद या एका ताऱ्यात आहे. हे कळायला मला जवळजवळ एक हिवाळा लागला, आणि तेही वसतिगृहाच्या पहारेकरीण आजीमुळे.

गेमचं इंग्रजी नाव ‘रेड कॉम्रेड्स सेव्ह द गॅलॅक्सी’. 1998 साली रशियात आलेला, व्यंगचित्रासारखा रंगवलेला पॉइंट-अँड-क्लिक गेम, म्हणजे पडद्यावरच्या वस्तूंवर क्लिक करत कोडी सोडवायची. काळ रशियन यादवीचा. तुकडीचं लाल निशाण चोरीला गेलंय, ते शोधायला चापायेव आणि त्याचा हरकाम्या शिपाई पेत्का निघतात, आणि बघता बघता भानगड परग्रहवाल्यांपर्यंत जाते. गावाचं नाव गाद्युकिनो. ‘गाद्युका’ म्हणजे विषारी सापाची एक जात. मराठीत नाव ठेवायचं तर फुरसेवाडी. नकाशात असो नसो, रशियन माणसाने ‘गाद्युकिनो’ म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे चिखल, कलंडलेलं कुंपण आणि दुपारी बारालाच झिंगलेला ट्रॅक्टरवाला उभा राहतो.

मी चेबोक्सारीत सहा वर्षं काढली, डॉक्टरी शिकायला. व्होल्गा नदीकाठचं, रशियातल्या चुवाशिया या प्रजासत्ताकाच्या राजधानीचं शहर. आमच्यासारखी बरीच मुलं तिथे असतात. 2008 च्या थंडीत, आधीच्या वर्षाच्या एका मुलाने ‘भाषा शिकायची तर गेम खेळ’ असा सल्ला दिला. मी बाजारातल्या एका टपरीवरून 150 रुबलला सीडी घेतली. वेष्टणावर मिशीवाला माणूस आणि उडती तबकडी. खोलीवर येऊन लावली तर आत मासेमारीचा गेम. परत गेलो तर टपरीवाला म्हणाला, ‘मासेमारी चांगली नाही?’ मग त्यानेच खाली वाकून दुसरी सीडी काढून दिली, पैसे न घेता. तर असा हा गेम माझ्याकडे आला.

गंमत म्हणजे, खराखुरा चापायेव जन्मला तो चेबोक्सारीतच. बुदाइका नावाचं खेडं होतं, आता ते शहराच्या पोटात गेलंय. तिथे त्याचं संग्रहालय आहे, आणि शेजारी ज्या घरात तो जन्मला ते ओंडक्यांचं बुटकं घर. मी रोज ट्रॉलीबसमधून त्याच्या नावाच्या पाट्या वाचत होतो आणि संध्याकाळी खोलीत त्यालाच दारावर, खांबावर, कोंबडीवर वापरून बघत होतो. दोन्ही माणसं एकच, हे डोक्यात शिरायला वेळ लागला.

पहिले दोन आठवडे मला गेम भिकार वाटला. खरंच सांगतो. क्लिक करावं, दोघांपैकी कुणीतरी दोन वाक्यं बोलावी, आणि त्या वाक्यांत हसण्यासारखं काय होतं ते मला कळू नये. शब्द कळायचे. शब्दकोश उघडाच असायचा. पण विनोद म्हणजे शेजारच्या खोलीतलं हसणं: भिंतीतून आवाज येतो, कारण येत नाही.

मग ती रात्र. अकरा वाजता वसतिगृहाचं दार बंद व्हायचं आणि त्यानंतर आजी मजल्या-मजल्यावरून फेरी मारायची. सत्तरीकडे झुकलेली, लोकरी मोजे, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. समोर तिला नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची, ती तिथली रीत. पाठीमागे आम्ही सगळे आजीच म्हणायचो. माझ्या खोलीतून आवाज येतोय म्हणून ती दार न वाजवताच आत आली.

‘सिनोक (म्हणजे बाळा), अकरा वाजून गेले. वीज काय तुझा बाप भरतो?’

आणि मग तिची नजर पडद्यावर गेली.

‘हा वसिली इवानोविच चापायेव ना? आणि तो पेत्का! अरे, याने काय करून ठेवलंय त्यांचं!’

ती पलंगाच्या कडेवर बसली, किल्ल्या मांडीवर घेतल्या, आणि पाऊण तास हलली नाही. मी क्लिक करायचो, ती हसायची, मग मी थांबवून विचारायचो, का हसलीस? आणि ती समजावून सांगायची. समजावताना मूळ विनोद बाजूलाच राहायचा आणि तिला त्याच्यावरून आठवलेले चार नवे यायचे. पैकी पहिला मला अजून शब्दन्शब्द आठवतो:

‘वसिली इवानोविच, जंगलात पांढरे आहेत!’
‘आत्ता अळंब्यांना वेळ नाही, पेत्का!’

पांढरे म्हणजे यादवीत लाल सैन्याविरुद्ध लढणारं श्वेत सैन्य. आणि ‘पांढरं’ हेच तिथल्या सगळ्यात भारी रानअळंबीचं नाव, जिच्यासाठी निम्मं शहर शरदात टोपल्या घेऊन जंगलात जातं. शत्रू आलाय आणि सेनापतीला वाटतंय पोराला भाजीची आठवण झाली. मराठीत हा विनोद थोडक्यात निभावतो, ‘पांढरे’ आपल्याकडेही चालतं. इंग्रजीत तो जागीच मरतो.

दुसरा विमानातला. दोघं विमान उडवतायत.

‘पेत्का, मीटर!’
‘वीस!’
‘वीस काय?’
‘मीटर कसला?’

यावर आजी इतकी हसली की किल्ल्या खाली पडल्या आणि शेजारच्या खोलीतल्या मुलाने भिंतीवर धपका मारला. मग तीच ओरडली, ‘झोप मुकाट्याने!’

आता थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्याशिवाय हा गेम घेणं म्हणजे पैसे पाण्यात. वसिली इवानोविच चापायेव हा खरा माणूस. जन्म 1887. सुताराच्या घरातला. पहिल्या महायुद्धात शौर्यासाठी सेंट जॉर्जचे तीन क्रॉस मिळवले, मग यादवीत लाल सैन्याच्या 25 व्या डिव्हिजनचा कमांडर झाला. मधे त्याला शिकायला मॉस्कोच्या लष्करी अकादमीत धाडलं होतं. तिथे काही त्याचा जीव रमला नाही, थोड्याच आठवड्यांत आघाडीवर परतला. 5 सप्टेंबर 1919 ला ल्बिश्चेन्स्क इथे, उराल नदीकाठी, श्वेत सैन्याच्या अचानक छाप्यात मारला गेला. वय 32. त्याच्या डिव्हिजनचा राजकीय अधिकारी द्मित्री फुर्मानोव याने 1923 मध्ये त्याच्यावर कादंबरी लिहिली, आणि 1934 मध्ये तिच्यावरून ‘चापायेव’ हा चित्रपट निघाला. खरी आग लागली ती या चित्रपटाने. बोरिस बाबोच्किन याने त्याला जी मिशी, जी लोकरी टोपी आणि जो खांद्यावरून उडणारा काळा झगा दिला, तोच चापायेव पुढे कायमचा झाला. गेममधलं चित्रही खऱ्या माणसाचं नाही, बाबोच्किनचंच विडंबन आहे.

चित्रपटात एक प्रसंग आहे. चढाईच्या वेळी कमांडरने कुठे असावं, हे चापायेव टेबलावर बटाटे मांडून समजावतो. हा बटाटा म्हणजे तुकडी, हा पुढचा म्हणजे कमांडर. शाळांनी मुलांना हे इतक्या वेळा दाखवलं, इतक्या गंभीरपणे दाखवलं, की मुलं कधीतरी हसणारच होती. सरकारने वीर घडवून दिला आणि लोकांनी त्याला स्वयंपाकघरात बसवून त्याचा बावळट काका केला. अकादमी त्याने लवकर सोडली ना? मग त्याच्या परीक्षेत नापास होण्यावर डझनभर विनोद. मशीनगन चालवणारी अन्का पडद्यावर शूर ना? मग तिच्यावर चावट विनोद. आणि हे सगळं कुणी छापत नव्हतं. ट्रेनच्या डब्यात, रांगेत, बराकीत एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात. लोककथा म्हणजे फक्त कोंबडीच्या पायावर फिरणारी बाबा यागा चेटकिणीची झोपडी नव्हे. चापायेवचे विनोद ही विसाव्या शतकातली रशियन लोककथाच आहे, आणि हा गेम तिच्यावर उभा आहे.

मूळ रशियन नावाबद्दल सांगायलाच हवं. ते आहे ‘पेत्का आणि वसिली इवानोविच आकाशगंगा वाचवतात’. यात ‘पेत्का’ म्हणजे प्योत्रचं लाडाचं-हेटाळणीचं रूप, गणेशचा ‘गण्या’ होतो तसं. आणि ‘वसिली इवानोविच’ म्हणजे नाव अधिक वडिलांचं नाव, पूर्ण मान देऊन. म्हणजे शीर्षकातच ‘गण्या आणि रावसाहेब’ अशी जोडी आहे. पुढे कुणी काय करणार हे नावातच ठरलं: शहाणपण गण्याचं, मान रावसाहेबांचा. ‘रेड कॉम्रेड्स’ म्हटलं की दोघं एका पायरीवर येतात. कॉम्रेड सगळे सारखे! एका भाषांतराने जे साधलं ते क्रांतीलाही नीट साधलं नव्हतं.

हे कळल्यावर तो लाल तारा वेगळा दिसायला लागला. तुम्ही चालवता पेत्काला. चापायेव बरोबर असतो. जे पेत्काला जमत नाही तिथे तुम्ही चापायेवला पुढे करता. शिपाई साहेबाला वापरतो, आणि साहेबाला वाटतं आपणच मोहीम चालवतोय. कुठल्याही सरकारी कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून माझा सल्ला: प्रत्येक वस्तूवर तारा उघडा आणि प्रत्येक टोक दाबून बघा, काम असो नसो. कोडं सोडवायची घाई केलीत तर हा गेम कोरडा निघून जाईल. याची मजा चुकीच्या क्लिकमध्ये आहे.

सामान ठेवायला सुटकेस आहे. ती उघडली की जमवलेल्या वस्तू दिसतात, एक काढायची आणि कशावर तरी लावायची. इथे मात्र जुना आजार आहे, आणि तो त्या दशकातल्या जवळजवळ सगळ्या पॉइंट-अँड-क्लिक गेमांना होता. बनवणाऱ्याच्या डोक्यातला संबंध खेळणाऱ्याच्या डोक्यात यायलाच पाहिजे असा हट्ट. काही कोडी खरोखर छान आहेत, कारण ती एखाद्या म्हणीवर किंवा विनोदावर बेतलेली आहेत आणि म्हण माहीत असेल तर उत्तर समोर असतं. काहींना कसलाच आधार नाही. हे त्याच्यावर, ते ह्याच्यावर, असं करत बसायचं. एकदा मी अडीच तास एकाच जागी होतो. अॅनाटॉमीची तोंडी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे अडीच तास आनंदाने गेले, ते वेगळं. पण परीक्षा नसणाऱ्याने उत्तरांची यादी शेजारी ठेवावी आणि लाज बाळगू नये.

विनोदाची पातळी? वर-खाली. चांगला असतो तेव्हा तो इतिहासाच्या पुस्तकाला चिमटा काढतो, सभेतल्या भाषणांची नक्कल करतो, निशाण-बिशाण म्हणताना मुद्दाम जास्तच छाती फुगवतो. वाईट असतो तेव्हा दारू आणि ढेकर. अन्काच्या बाबतीत तर गेम सरळ आळशी आहे. तोंडी विनोदांत ती निदान उलट बोलते. आजीने सांगितलेल्या निम्म्या विनोदांत शेवटचं वाक्य अन्काचं होतं. इथे तिच्या वाट्याला तसं काही येत नाही. आजीचंही मत असंच पडलं, फक्त तिने ते दोन शब्दांत सांगितलं आणि ते दोन शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

आवाजांबद्दल: रशियन आवाजातच खेळा. भाषा येत नसेल तरी. चापायेवचं गुरगुरणं आणि पेत्काचं लगबगीचं बोलणं यांच्यातल्या अंतरातच अर्धा विनोद आहे.

आता कुठे मिळेल वगैरे. सीडीचे दिवस गेले. स्टीमवर ‘रीलोडेड’ नावाने आवृत्ती मिळते. ज्यांच्याकडे जुन्या फाइली आहेत त्यांच्यासाठी जुने गेम नव्या संगणकांवर चालवणारा ‘स्कमव्हीएम’ हा फुकट प्रोग्रॅम आहे. 2021 च्या 2.3 आवृत्तीपासून तो या मालिकेतले पहिले दोन भाग चालवतो. दुसरा भाग 1999 चा. तिसऱ्याच्या नावातच अलास्का परत आणायची भाषा आहे. 1867 साली झारने 72 लाख डॉलरला विकलेली अलास्का हा रशियन माणसाचा दुखरा दात, जिभेने सारखा चाचपायचा. सुरुवात मात्र पहिल्यापासूनच करा. आणि त्याआधी 1934 चा चित्रपट बघा, तास-दीड तासाचं काम आहे. बटाटे बघितले नसतील तर पुढची मजा निम्मी.

त्या हिवाळ्यात आजी आणखी चार-पाच वेळा आली. कारण दर वेळी वेगळं: हीटर तपासायचाय, खिडकीच्या फटी बघायच्यात, वरच्या मजल्यावर पाणी गळतंय. मग पलंगाची कड. एकदा तिने बरोबर काकडीचं लोणचं आणलं, बरणीसकट. मी अडकलो की ती म्हणायची, ‘चापायेवला पाठव की! तो कशाला आहे?’ आणि कधीकधी खरंच तेच उत्तर निघायचं.

शेवटच्या वेळी मी तिला विचारलं, चित्रपटात शेवटी काय होतं? तेव्हा मी तो पाहिला नव्हता. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, जखमी असतो. उराल नदी पोहून जात असतो. वरून मशीनगन चालते. आणि बुडतो. तिचा मोठा भाऊ म्हणे तो चित्रपट पुन्हा पुन्हा बघायला जायचा. पोरांचं ठरलेलं असायचं: आज कदाचित पोहून जाईल.

हे त्या एका भावाचं वेड नव्हतं, हे मला नंतर कळलं. त्या देशातल्या पिढ्यान्पिढ्या पोरांबद्दल ही गोष्ट सांगितली जाते. आणि 1941 मध्ये, जर्मन चालून आले तेव्हा, सरकारने एक छोटा प्रचारपट काढला, त्यात बाबोच्किनचा चापायेव नदी पार करून काठावर येतो आणि सैनिकांना लढायला सांगतो. म्हणजे पोरांची मागणी खुद्द सरकारने एकदा पुरी केली होती. त्यापुढे उडत्या तबकड्या म्हणजे काहीच नाही. माणूस 1919 मध्ये बुडाला हे मान्यच करायचं नाही म्हटल्यावर त्याला अवकाशात पाठवायला काय हरकत?

गेल्या महिन्यात मी गेम पुन्हा लावला. आता मी चापायेवपेक्षा वयाने मोठा आहे, आणि पडद्यावरचा तो काका मला आता पोरगेला वाटायला लागलाय. कोडी तितकीच तिरपागडी वाटली, अन्काचा राग जास्त आला, आणि दोन ठिकाणी मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारी कुणी नव्हतं, त्यामुळे का हसलो हे कुणाला समजावून सांगता आलं नाही. हा गेम एकट्याने खेळू नका. माउस तुमच्या हातात, आणि पलंगाच्या कडेवर रशियात वाढलेलं एखादं माणूस, शक्यतो साठीच्या पुढचं. ते नसेल तर एक तारा कमी करा.

गुण?
वीस.
वीस काय?
गुण कसले?